जुन्या इंजिनाचा पहिला डोस

शिंपीणबाईंना एका माणसाला उत्तर द्यायचं होतं, म्हणून त्या गेला आठवडाभर पेट्रोल शोधत होत्या. उत्तराचा आणि पेट्रोलचा काय संबंध, असं कुणीही विचारलं असतं. पण बाईंनी त्यातलं अवाक्षर कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर स्वतःलाही त्या फारसं कळू देत नव्हत्या.

तो माणूस म्हणजे पलीकडच्या काठावरचा घड्याळवाला. नदीवर पूल झाला नव्हता तेव्हा बाई शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे आपल्या छोट्या बोटीतून स्वतः पलीकडे पोचवायच्या. पूल झाला, गठ्ठे टेम्पोतून जायला लागले, आणि बोटीचं इंजिन बाईंच्या बेतायच्या टेबलाखाली जाऊन बसलं. बाईंनी त्याला रजईच्या कापडाची खोळ शिवली, खाली इलॅस्टिक घातलं, आणि त्या ते विसरून गेल्या. घड्याळवाला मात्र विसरला नव्हता. गेल्या महिन्यात तो बाईंचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला बसने आला, घड्याळ चालू केलं, हत्यारं पेटीत भरली आणि उठायच्या ऐवजी परत खाली बसला.

"तुमच्या इंजिनाच्या आवाजावर मी दुकानातली घड्याळं लावायचो," तो म्हणाला. "तुम्ही कायम उशिरा यायचात. त्यामुळे आमचा अख्खा काठ मागे चालायचा. पण कुणाची तक्रार नव्हती."

बाई हसल्या. मग त्याने, उरलेले दिवस एकत्र काढायचे का, असं सरळ विचारलं आणि बाईंचं हसू गालातच अडकलं.

"घाई नाही," तो म्हणाला. "फोनवर सांगू नका. फोनवर माणूस भिडेपोटी काहीही बोलतो. बोट काढा. तो आवाज आला की मी हो समजेन. नाही आला तर पुन्हा विषय काढणार नाही."

बाईंचं लग्न झालंच नव्हतं. दुसऱ्यांची मापं घेता घेता स्वतःचं राहून गेलं होतं, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यांचं काही ठिकाणावर राहिलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यांनी दोन्ही बाह्या डावीकडच्या लावल्या, आणि चूक लक्षात आल्यावर रागवायचं सोडून एकट्याच खुदूखुदू हसत बसल्या. तरीही हो की नाही ते काही ठरेना. म्हणून त्यांनी आधी इंजिनाचं बघायचं ठरवलं. चालढकल करायला इंजिनासारखी दुसरी सोय नाही.

"विकायला काढतेयस का ताई?" धाकट्या भावाने विचारलं. तो दवाखान्यातला निवृत्त कंपाउंडर. सगळं गाव त्याला 'डोस' म्हणायचं, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

"चालू होतंय का बघायचंय. उगाच खनपटीला बसू नकोस."

टाकीत जुनं पेट्रोल तसंच राहिलं होतं. झाकण उघडल्यावर खोलीभर वास सुटला आणि दोघं भावंडं नाक धरून अंगणात पळाली. गॅरेजवाला आला, त्याने त्यात काडी बुडवून वर उचलली, तर काडीला चिकट तार आली.

"मावशी, याचं पेट्रोलपण कधीच गेलं. आता हे व्हार्निश म्हणून दाराला लावा, चकाकेल," तो म्हणाला.

त्याने टाकी धुतली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, कडक झालेली रबराची नळी बदलली. आता प्रश्न उरला की यात घालायचं काय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली अल्कोहोल मिसळलेलं असतं, ते पाणी धरतं आणि जुनी रबरं खातं, असं गॅरेजवाल्याने सांगितलं. बाईंना तेवढंच हवं होतं. त्यांनी पंप बाद केला. मग बिनअल्कोहोलचं कुठे मिळतं याची चौकशी दोन दिवस चालली. ते बागकामाच्या दुकानात गवत कापायच्या यंत्रांसाठी बंद डब्यात मिळतं असं कळलं, तर डबा कधी भरलेला असेल याची बाईंना काळजी. डबा ताजा निघाला, तर तेलाची काळजी. हे इंजिन पेट्रोलमध्येच तेल मिसळून पिणारं. नव्या तेलाच्या बाटलीवर पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल असं लिहिलेलं, इंजिनावरच्या पत्र्यावर पंचविसाला एक. बाईंनी त्यावरही इतके फाटे फोडले की गॅरेजवाल्याच्या नाकीनऊ आले.

"मावशी, जुनं इंजिन, पंचविसाला एक," तो शेवटी म्हणाला. "मी स्वतः मिसळून कॅन ठेवून जातो. तुम्ही फक्त हात लावू नका."

हे त्याने सांगायला नको होतं.

बाईंचा आयुष्यभराचा नियम होता की कापड बेतताना शिवणीत चार बोटं माया सोडायची. नेमक्या मापाचं काम त्यांना आवडत नसे. पुढेमागे माणूस फुगतो, उसवून सैल करायला जागा हवी. त्यांनी कॅन उघडला, तेलाच्या बाटलीतून थोडं ओतलं, मग आणखी थोडं ओतलं, आणि मनाला बरं वाटल्यावर झाकण लावलं. कुणाला सांगायची गरज त्यांना वाटली नाही, कारण शिवणीतली माया गिऱ्हाइकाला कधी सांगत नाहीत.

बाई दोरा आणायला दुकानात गेल्यावर डोस आला. त्याचाही एक नियम होता. रोगी अशक्त आणि बरेच दिवस अंथरुणाला खिळलेला असेल, तर पहिला डोस दुप्पट. त्याने उरलेली बाटली कॅनमध्ये रिकामी केली, कॅन हलवला, आणि पूर्वी औषधाच्या बाटल्यांना लावायचा तशी कागदाची पट्टी कातरून, तिला खाचा पाडून कॅनवर चिकटवली. एक खाच म्हणजे एक डोस. स्वतःच्या कामावर तो इतका खूष झाला की शिट्टी वाजवत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं धक्क्यावर जमली. पाणी अगदी स्तब्ध होतं. गॅरेजवाल्याने इंजिन बोटीच्या मागे बसवलं, बोट दोराने धक्क्याला पक्की बांधली आणि डोसने मोजून एक खाच मिश्रण टाकीत ओतलं. बाई बोटीत बसल्या होत्या. समोरचा काठ स्वच्छ दिसत होता. घड्याळाच्या दुकानाचं दार उघडं होतं.

"थांब जरा," बाई म्हणाल्या. "त्या नळीची क्लिप बघितलीस का?"

"बघितली, मावशी."

"आणि स्पार्क प्लग?"

"ताई, तू इंजिन सुरू करतेयस की त्याच्या लग्नाची बोलणी?" असं म्हणून डोस बोटीत उतरला आणि बाईंनी हात धरायच्या आत त्याने इंजिनाची दोरी ओढली.

इतकी वर्षं खोळीत झोपलेलं इंजिन दोनचार ओढींत हलायचं नाही, असं गॅरेजवाल्याने आधीच सांगून ठेवलं होतं. ते पहिल्याच ओढीला सुरू झालं. फट, फटफट, मध्येच एक उचकी, पुन्हा फटफट. अगदी तोच जुना आवाज. पाठोपाठ मागून निळा-पांढरा धूर असा निघाला की त्यात धक्का गेला, गॅरेजवाला गेला, डोसचं तोंडही दिसेनासं झालं.

"बंद कर ते," बाई ओरडल्या. "मी अजून हो म्हटलेलं नाहीये."

"कुणाला?" धुरातून डोसचा आवाज आला.

"बंद करायचं बटण गंजलंय," धुराच्या दुसऱ्या बाजूने गॅरेजवाला म्हणाला. "मावशी, टाकीखालची चावी फिरवा, मिनिटभरात आपोआप बंद पडेल. आणि यात तेल कुणी ओतलं?"

"मी थोडी माया ठेवली," बाई म्हणाल्या.

"मी डबल डोस दिला," डोस म्हणाला.

बाईंना हसू फुटलं. साधं हसू नव्हे. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, बोट डगमगायला लागली. हात टाकीखालच्या चावीवर होता, पण चावी अजून फिरवली नव्हती. धूर जरासा विरला तेव्हा पलीकडे दुकानाच्या दारातून एक माणूस बाहेर येताना दिसला. तो धक्क्याकडे चालला होता. मग चालायचं सोडून तो पळायला लागला, ज्या वयात माणसं पळत नाहीत त्या वयात.

बाईंनी चावीवरचा हात काढला.

"उतर," त्या भावाला म्हणाल्या.

"अगं ताई, ही नुसती चाचणी आहे."

"माझी झाली. उतर."

डोस उतरला. बाईंनी धक्क्याचा दोर सोडला, इंजिनाचा दांडा पुढे ढकलला, आणि बोट नदीत घुसली. केस सुटले, चष्म्यावर तेलाचे थेंब उडाले, मागे धुराचा लांबलचक पडदा तयार झाला आणि पुलावरच्या बसमधली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघू लागली. बाईंनी त्यांना हात केला. आयुष्यात त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. सगळं बोलायचं काम इंजिन करत होतं. आपल्याला तोंडसुद्धा उघडावं लागणार नाही, या विचाराने तर त्यांना गाणंच सुचायला लागलं.

आणि पलीकडचा धक्का चार हातांवर आला असताना इंजिनाने एक मोठी उचकी दिली आणि ते गप्प झालं. एक खाच संपली होती. कॅन अलीकडच्या काठावर, वल्ही घरी दाराआड. बोट पाण्यावर नुसती डुलत राहिली.

घड्याळवाला धापा टाकत धक्क्याच्या टोकाशी उभा होता. धूर हळूहळू दोघांच्या मधून सरकला.

"आवाज बंद पडला," तो म्हणाला. त्याचा चेहरा जरा उतरला होता. "हे काय समजायचं मी?"

बाईंनी मागे वळून इंजिनाकडे बघितलं. त्याच्याकडून आता काही बोललं जाणार नव्हतं. पुलावरची बस थांबली होती, अलीकडच्या काठावर भाऊ डोळ्यांवर हात धरून उभा होता, आणि सगळं जग मुद्दाम गप्प बसल्यासारखं झालं होतं. बाई बोटीत उभ्या राहिल्या. बोट डगमगली तशी त्यांनी तिचा काठ धरला.

"हो," त्या म्हणाल्या. मग नीट ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाल्या, "हो म्हणतेय मी. इंजिनाचं काही खरं नाही. तुम्ही माझं खरं धरा."

घड्याळवाल्याने खिशातून घड्याळ काढलं, बघितलं, आणि काटे जरा मागे फिरवून परत खिशात ठेवलं. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोर फेकला.