कचऱ्यात पडलेली पत्रं

नर्सरीच्या मागच्या खोलीत, खताच्या पोत्यांना लागून मांडलेल्या टेबलाशी बसून ताई गेली सहा वर्षं दर एक तारखेला चार हजार लोकांना पत्र धाडत होती. ईमेलनं हो, कागदाचं नव्हे. कोणतं रोप कधी लावावं, कुठल्या किडीला काय फवारावं आणि शेवटी ताईच्या मनातल्या चार ओळी. पण हल्ली पत्रं लोकांच्या स्पॅममध्ये, म्हणजे सरळ कचऱ्यात जाऊन पडत होती. का नाही पडणार? मथळ्यात मालक हट्टानं 'लुटा! लुटा! फुकट!' घालायला लावायचे आणि वर ताईलाच विचारायचे, "गिऱ्हाईक गेलं कुठं?"

शेवटी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं यादी बघितली आणि कपाळाला हात लावला. "ताई, अकराशे जणांनी सहा महिन्यांत एकही पत्र उघडलेलं नाही. अशांना पाठवत राहिलात, की ईमेलवाले तुम्हालाच उपद्रवी धरतात. मग सुक्याबरोबर ओलंही जळतं. काढून टाका सगळे."

"आणि कचऱ्यात जाणारं पत्र पुन्हा सरळ कसं जायचं?"

"वाचणाऱ्यानं एकदा उत्तर लिहिलं, की पुढचं बहुतेक नीट पोचतं. पण जाहिरातीला कोण उत्तर लिहितंय!" असं म्हणून, चहा पिऊन तो गेला.

अकराशे पत्ते एकेक बघून काढायचे होते, कारण मालकांच्या साडूचा पत्ता उडाला असता तर त्यांनी नर्सरी डोक्यावर घेतली असती. दुपारपर्यंत ताईचे डोळे चुरचुरायला लागले, मान आखडली. आणि चारशे कितव्या तरी ओळीत धाकट्या बहिणीचा पत्ता आला.

आई गेली त्या दिवशी धाकटी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "तू तिला वेळेवर दवाखान्यात नेलं नाहीस." दोन वर्षं आईचं अंथरुणातलं सगळं काढलेल्या ताईला हे ऐकून घ्यावं लागलं. बोलणं तुटलं ते तुटलंच. पण तीन वर्षांपूर्वी धाकटीचा पत्ता आपण होऊन या यादीत येऊन बसला. बाईच्या घरात एक कुंडी नाही! तरी दर महिन्याला तिच्या पत्त्यासमोर 'उघडलं' अशी खूण उमटायची. मग ताई त्या शेवटच्या चार ओळी तिच्यासाठीच लिहायला लागली. गुडघे फार बोलतात, आईचा गुलाब अजून तग धरून आहे. दोघींचं बोलणं म्हणायचं तर तेवढंच.

आता सात महिने ती खूण नव्हती.

"नको वाचूस, बाई," ताई स्क्रीनला म्हणाली. "मी तरी किती दिवस दाराशी उभी राहू?" एक पत्ता ठेवला म्हणून आभाळ कोसळणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण ती दमली होती, आणि तिला राग आला होता. तिनं तो पत्ता काढला आणि पुढच्या ओळीवर गेली.

पुढची एक तारीख आली. पत्रं गेली, या खेपेला लुटालुटीशिवाय. चार तारखेला मागच्या महिन्याच्या पत्राला एक उत्तर आलं.

'सात महिने तुझं पत्र माझ्याकडे कचऱ्यात येतंय. ते बाहेर कसं काढायचं मला कळत नाही, म्हणून एक तारखेला तिथंच जाऊन वाचते. या महिन्यात तिथंही नाही. तीन दिवस सगळा कचरा उपसला. बरी आहेस ना गं?'

ताईनं कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. "कचऱ्यातलं पत्र कुणी वाचलं, तर उघडल्याची खूण येते का हो?"

"बहुतेक नाहीच येत. का?"

"अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला!" ती ओरडली आणि तिला रडूच फुटलं.

मालक दारातून डोकावले. "काय झालं? कुणाचा पत्ता परत घालायचाय का यादीत?"

"यादीत नको," ताई म्हणाली. तिनं कोरं पत्र उघडलं. चार हजारांना सराईतपणे लिहिणाऱ्या बाईला एकीला लिहिताना शब्द सापडेना. बऱ्याच वेळानं तिनं लिहिलं, 'मीच तुला काढून टाकलं होतं. फार दमले होते गं. तू ये.'