वेलीतलं बदक

"अगं बाई, बदक!" जाराह किंचाळली आणि हातातली भाताची पुडी फळीवरच, त्या बदकापुढे ठेवायला निघाली.

सेमाउनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा महिने खपून त्याने मशिदीच्या मिंबरासाठी, म्हणजे इमामाच्या प्रवचनाच्या उंच आसनासाठी, ही चेंगाल लाकडाची फळी कोरली होती. इमामसाहेब आता न्यायला येणार, आणि बायको म्हणते बदक!

"वेल आहे ती! चौपन्न वर्षं वेलीच कोरतोय मी."

"हो ना. ही वेलीची मान, ही वेलीची चोच. आणि गाठ बघा, अगदी डोळा! माझ्याकडे बघून डोळा मारतंय मेलं!"

सेमाउनने चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि मटकन खालीच बसला. बदक होतं. चांगलं गुबगुबीत. कोंबाने शेजाऱ्याला टोचू नये, शेवटी मान वळवून घ्यावी, असं त्याने शिष्यांना जन्मभर कान पिळून शिकवलं. आणि त्याचाच कोंब शेजारच्या फुलात सरळ चोच खुपसून बसला होता. मिंबरावर प्राण्याचं चित्र चालत नाही. फळी परत आली की बेसुत गावभर बोभाटा होणार, म्हाताऱ्याचे डोळे गेले, हात गेला. मग कोण काम देतंय?

"तुझीच ती बदकं! दिवसभर घराखालच्या खांबांमधून माझ्या नाकासमोर फतक फतक चालतात. शिरलं एक हातात!"

"माझ्या बदकांना बोलायचं काम नाही. चोच फाडा की. दोन पानं होतील."

म्हणणं खरं होतं. पण लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही, आणि गेल्या वर्षापासून त्याचा हात थरथरत होता. त्याने बिस्मिल्ला म्हणून पटाशी टेकवली. जाराहने तोंडात ओढणीचा पदर कोंबला.

"हसू नकोस, हात हलतोय!"

"मी कुठं हसतेय?" म्हणत ती गदागदा हलत होती. आता त्यालाही आवरेना. हसता हसताच त्याने घाव घातला. चोच चिरली, दोन्ही पाती अलगद मागे वळली. आणि तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली.

इमामसाहेब वाकले. बोट वेलीवरून फिरलं आणि नेमकं त्या मानेवर थांबलं.

"सेमाउनचाचा, हे... हे काय आहे?"

सेमाउनने पटाशी पाठीमागे लपवली. जाराहने डोळे मिटले. इतक्यात तिचा थोरला नर बदक फतक फतक करत आला, मान लांब करून त्याने फळीकडे नीट पाहिलं आणि त्या दोन पानांवर टक्कन चोच मारली. नाही तुटलं. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तर चिडून ओरडलाच.

इमामसाहेब पोट धरून हसले. "कलमीची पालेभाजी वाटली वाटतं त्याला! पान आहे तर. उचला फळी."

मोटारसायकल वळणाआड जाईपर्यंत नवराबायको शहाण्यासारखे उभे राहिले. मग जाराह जी हसत सुटली ती थेट पायरीवर कोसळली. सेमाउनने डोळे पुसले, ताडगुळाचा खडा फोडून त्या बदकापुढे धरला आणि म्हणाला, "तुझ्या तोंडात साखर पडो रे बाबा."