'काहीतरी मिसिंग' या मुद्द्याबाबत

दीप्तीने तो ई-मेल अकरा दिवसांत इतक्या वेळा वाचला होता, की त्यातला कुठला स्वल्पविराम चुकीच्या जागी पडलाय हेही तिला पाठ झालं होतं. माजिवड्याच्या एका फिल्म कंपनीकडे तिने आपली पटकथा पाठवली होती आणि तिथल्या अद्वय नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं होतं :

'हाय दीप्ती मॅम, खूप गोड लिहिलंय. भाषा तर कमाल! पण कुठेतरी कनेक्ट होत नाही. वडिलांचं कॅरेक्टर अजून खुलायला हवं. त्यांना नेमकं काय हवंय ते कळत नाही. एकंदर, काहीतरी मिसिंग वाटतंय. सध्या पुढे नेता येणार नाही. लिहीत राहा!'

दीप्ती ठाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. अडचण आली की पुस्तक काढायचं, ही तिची जुनी सवय. पटकथालेखनावरचे तीन जाडजूड ग्रंथ तिने कोपरीच्या घरी आणून वाचून काढले. पहिल्याच्या मते पात्र संवादातून खुलतं, दुसऱ्याच्या मते मौनातून, आणि तिसऱ्याच्या मते ते खुलूच द्यायचं नसतं.

नकाराचं तिला फार काही नव्हतं. पण पटकथेतले वडील म्हणजे तिचेच पप्पा होते, आठ महिन्यांपूर्वी गेलेले रवींद्र. शहाण्णव पानांत तिने त्यांना धरून ठेवलं होतं. ते आपल्या हाती लागलेच नाहीत असं कुणा परक्याने म्हणावं आणि ते खरंच असावं, या भीतीने तिला जेवण जात नव्हतं. कुणाला बोलली मात्र नव्हती.

रविवारी ती डोंबिवलीला आईकडे गेली. ई-मेलचा कागद पर्समध्ये होता. आईने तो पाहिला, कारण आई कुठलाही कागद पाहतेच. माया महापालिकेच्या कर विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाली होती. एकतीस वर्षं फायलींवरचे साहेबांचे शेरे वाचण्यात गेलेली बाई. तिने चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला.

"साहेबाने फाइल वाचलेली नाही," ती म्हणाली.

"आई, साहेब नाही तो. आणि शेरा नाही हा. फीडबॅक आहे."

"तेच ते. 'चर्चा करावी' असा शेरा आला, की समजायचं, वाचलं नाही. 'तपासून सादर करावे' म्हणजे वाचलं, पण डोक्यात शिरलं नाही. आणि हे बघ, 'कुठेतरी'. कुठे? पान नंबर? 'काहीतरी मिसिंग'. काय मिसिंग? किती नग?"

दीप्तीला हसू आलं, ते तिने चहाच्या कपात दडवलं.

"तू अकरा दिवस याचा अर्थ लावत बसलीस? अगं वेडे, शेऱ्याचा अर्थ लावायचा नसतो. शेऱ्याला उत्तर द्यायचं असतं. मुद्देनिहाय. उघड तो लॅपटॉप."

आई सांगत गेली, दीप्ती टाइप करत गेली. सुरुवातीला गंमत म्हणून; मग तिला चव लागली.

'संदर्भ : आपला ई-मेल. मुद्दा क्रमांक एक : कनेक्ट होत नसल्याचे ठिकाण "कुठेतरी" असे नमूद आहे. ते पृष्ठ क्रमांकासह निश्चित करून कळवावे. मुद्दा क्रमांक तीन : मिसिंग असलेल्या "काहीतरी" या बाबीचे वर्णन, तसेच ती शेवटची कधी दिसली होती, याचा तपशील सात दिवसांत सादर करावा.'

"'सादर करावा' जरा जास्त होतंय का?" दीप्तीने विचारलं.

"कमीच होतंय. आता दोन नंबर. वडिलांना काय हवंय ते कळत नाही. दाखव बघू, काय लिहिलंयस."

दीप्तीचा हात थांबला. पटकथा तिने आईला दाखवलीच नव्हती. नाइलाजाने तिने गठ्ठा पुढे केला आणि उगाचच भांडी विसळायला स्वयंपाकघरात गेली. पाऊण तास बाहेरून पानं उलटल्याचा आवाज येत राहिला.

"हे कोण गं?" आईने आतल्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. "शांत, संयमी, कष्टाळू, कुणाचं मन न दुखावणारे. असल्या माणसाशी माझं लग्न झालेलं नाही."

"आई, सगळे हेच म्हणत होते त्यांच्याबद्दल."

"कधी?"

दीप्तीने हात पुसले. "पुण्यानुमोदनाला."

"मग! आदरांजलीच्या भाषणात काय म्हणणार लोक? माइक हातात, समोर फोटो, फोटोला हार. ती सगळी भाषणं तू उतरवून काढलीस आणि त्यांना शर्टपँट घातलीस." आई आता जोरात हसत होती. "अगं, पप्पा महालबाड होते तुझे. तुला सतरा नंबर ठाऊक नाही ना?"

दीप्तीला ठाऊक नव्हतं.

त्यांच्या बिल्डिंगमध्ये ब्लॉक एकूण सोळाच. खाली वॉचमनच्या टेबलावर सोसायटीची तक्रारवही. त्या वहीत नऊ वर्षं 'ब्लॉक नंबर १७' तक्रारी लिहीत होता. 'पाण्याच्या टाकीमुळे चंद्र दिसत नाही, टाकी सरकवावी.' सेक्रेटरी हरिहरकाका शिस्तीचा माणूस; त्यांनी खाली लाल शाईने उत्तर दिलं होतं, 'टाकी सरकवणे शक्य नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' पुढे सतरा नंबर सभेला कधीच येत नाही, म्हणून कमिटीने ठराव केला : त्यांना समज द्यावी. समज द्यायला कमिटीतले कोण गेले? रवींद्र. जिन्यात दहा मिनिटं उभे राहून परत आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, पण दार उघडलं नाही."

"पप्पा?" दीप्ती म्हणाली. "केमिकल कंपनीतून येऊन गुपचूप पेपर वाचत बसायचे ते पप्पा?"

"पेपरच्या आड हसत बसायचे."

"तुला सांगितलेलं त्यांनी?"

"कसले सांगतात! डाव्या हाताने लिहायचे. पण एकतीस वर्षं लोकांच्या खोट्या सह्या पकडल्या मी. घरातल्या माणसाचं अक्षर नाही ओळखणार?"

"मग बोलली का नाहीस?"

आईने चष्मा काढून साडीच्या पदराने पुसला. बराच वेळ पुसला. "रोज वर आले की माझ्या तोंडाकडे बघायचे. हिने वाचलं का, हिला कळलं का. त्यांना पकडलं जायचं होतं गं. आणि मला वाटायचं, पकडलं तर बंद करतील. म्हणून मी आपली भाजी निवडत राहायचे. पकडायला हवं होतं एकदा तरी."

दीप्तीने लॅपटॉप जवळ ओढून टाइप केलं : 'मुद्दा क्रमांक दोन : वडिलांना काय हवे होते, याबाबत नवीन माहिती हाती आली असून संकलन सुरू आहे.' आणि आई 'प्रत माहितीसाठी कुणाला?' असं विचारत असतानाच तिने ते पाठवून दिलं.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आईकडे होती. टेबलावर तक्रारवहीच्या झेरॉक्स पसरल्या होत्या. हरिहरकाकांनी त्या दिल्या होत्या खऱ्या, पण सतरा नंबरच्या माणसाला भेटायची इच्छा अजून सोडली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"दीप्ती मॅम, अद्वय बोलतोय. तुमचं ते आलं. म्हणजे, नोटीस आहे का ती? आमच्या सरांनी वकिलांना दाखवायला सांगितलंय."

"नोटीस नाही. अनुपालन अहवाल आहे."

मग तो भडाभडा बोलला. पटकथा ढिगाने येतात, त्याने एकोणीस पानं वाचलेली, ती चार वाक्यं तो थोडीफार बदलून सगळ्यांनाच पाठवतो. "आजपर्यंत कुणी उलट विचारलं नव्हतं, मॅम. सॉरी."

अकरा दिवस, तीन ग्रंथ. दीप्तीला राग यायला हवा होता. पण ज्याने धड वाचलंच नाही त्याने बोट बरोबर ठेवलं होतं, आणि आता त्याच्याशी भांडून करायचं काय?

"एक विचारू?" अद्वय म्हणाला. "मुद्दा नंबर दोन. माहिती संकलन. मिळाली का माहिती? नाही म्हणजे, आमच्या इथे सगळे विचारतायत."

दीप्तीने आईकडे पाहिलं. मग फोन दुसऱ्या कानाला लावला आणि सांगितलं. टाकी, चंद्र, लाल शाई. सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, ग्रंथालयात बोलावं तसा. बंद दारामागच्या टीव्हीपाशी आली तेव्हा पलीकडून एक विचित्र आवाज आला. पप्पांना कधीही न पाहिलेला, न भेटलेला माणूस पप्पांवर हसत होता.

"मॅम, हे कुठल्या पानावर आहे?" त्याला दम लागला होता.

"अजून लिहायचंय."

"लिहा. पाठवा. शप्पथ, सगळी पानं वाचेन."

फोन ठेवला. आई कान देऊनच बसली होती.

"काय म्हणतोय? केलं का मंजूर?"

"नाही. पुन्हा पाठवा म्हणाला. हसला तो, आई."

"कशाला?"

"बेल वाजवली, त्याला."

आईने हातातली झेरॉक्स खाली ठेवली. खुर्ची पुढे ओढून लेकीच्या समोर बसली.

"कसा हसला? करून दाखव."

दीप्तीने जन्मात कधी कुणाची नक्कल केली नव्हती. तिने घसा साफ केला आणि करून दाखवली.