चुंबकाला काय कळतं

गोकुळदास सरांनी दगडाजवळ चुंबक नेलं. ते जेमतेम हाललं, आणि सर म्हणाले, "एल. लिही."

मी लिहिलं नाही.

ही उल्का मीच अंटार्क्टिकाच्या बर्फावरून उचलली होती, हातमोज्यांत बोटं बधिर झालेली असताना. हजारो वर्षं ती तिथे पडून होती. दगडी उल्केत लोखंड भरपूर असेल तर ती एच, कमी असेल तर एल. माझा दगड तर आतपर्यंत तांबडा झालेला.

"सर, यातलं लोखंड गंजलंय. गंजाला चुंबक धरत नाही. ऑलिव्हिन मोजून बघू." ऑलिव्हिन म्हणजे त्यातलं हिरवट खनिज. लोखंड गंजलं तरी ते बरंचसं शाबूत राहतं आणि दगडाची जात सांगतं.

"मशीनला महिन्याची रांग आहे, यादी शुक्रवारी जायची आहे. बावीस दगड चुंबकाने ठरले, तुझ्याच दगडाला काय शिंगं फुटलीत? आणि मनीषा, पुढच्या मोहिमेची नावं मीच देतो, एवढं लक्षात ठेव."

नावडतीचं मीठ अळणी, तसं गंजलेल्याचं लोखंड खोटं. संताप संताप झाला माझा. भीतीही वाटली, कारण मला त्या बर्फावर परत जायचंच होतं.

घरी डिचोलीला पोचले तर आई तांदूळ निवडत बसली होती. आई मूळची बांद्याची. इथे लग्न होऊन आली आणि वीस वर्षं लोखंडाच्या खाणीवर खनिजाचे नमुने कुटायच्या कामाला होती. तिला सगळं सांगितलं. तिने सुपातून मानही वर केली नाही.

"आमच्या तांबड्या मातयेक तरी चुंबक खंय लागता? सगळो गंजच तो. तरी बोटी भरभरान गेलो मां, लोखंड म्हणान?"

दुसऱ्या दिवशी मशीनवर माझ्या मैत्रिणीची, स्नेहाची पाळी होती. तिच्याकडून तासभर मागून घेतला आणि सरांना न विचारता दगडाचा काप आत सरकवला. दगडात सुटं लोखंड जास्त असेल तर ऑलिव्हिनमध्ये ते कमी मुरतं; तो आकडा विसाच्या आत आला तर एच. बाविसाच्या पुढे गेला तर एल, आणि मी घरी.

अठरा आला. दहा ठिकाणी मोजलं, सगळीकडे अठराच्या आसपास.

सरांनी आकड्यांचा कागद एकेका ओळीवर बोट ठेवत वाचला. माणूस वाईट नाही, फक्त घाई फार. त्यांनी स्वतःच्या हाताने एल खोडून एच लिहिलं आणि यादी माझ्यापुढे सरकवली.

"घे, सही कर. मोहिमेत तुझं नाव घालतो."

पेन हातात घेतलं. बर्फ डोळ्यांपुढे आला. मग मी पेनाला टोपण लावलं.

"सर, बाकीचे बावीसही चुंबकानेच ठरलेत. आधी ते कापून मोजू."