ओखुईच्या पायाची दोरी

“तुटला! परत तुटला! आगं, हात हायत का लाकडाच्या पळ्या?”

ओखुईच्या आईचा हा आवाज आमच्या परसातल्या कोंबड्यांच्यासुद्धा अंगवळणी पडला होता. हातातली मोशीच्या झुडपाच्या सालीची पेंढी मी टाकली आणि शेजारी तिच्या मागाच्या झोपडीत शिरले. झोपडी निम्मी जमिनीत, दार बंद, आत नुसती वाफ. पण करता काय? मोशीच्या धाग्याला कोरडं वारं लागलं की तो काडीसारखा मोडतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात आमच्या गावच्या बायका त्या ओलीत कोंडून घेऊन विणतात.

मागावर पिलसून बसली होती, तिची सून. कमरेला मागाचा पट्टा, पायात गवती चप्पल आणि चपलेला दोरी. पाय मागं ओढला की दोरीनं ताण्याचे उभे धागे उचलायचे, त्यातून धोटा सारायचा.

“पुढं का सरकतीस? पट्टा ढिला पडला की ताणा ढिला पडतोय, सांगितलं न्हवं?”

“मागं बसलं की पाय मागं जात न्हाई, दोरी ओढवत न्हाई, आत्याबाई.”

“ओखुईला कशी ओढवत हुती? एक उन्हाळा तोंडातनं शबूद न काढता माझ्याजवळ बसली, नुसतं बघितलं, आन् दुसऱ्या उन्हाळ्याला मागावर चढली. तुझी आपली सारखी टकळी! मागावर बसल्यावर त्वांड उघडायचं न्हाई म्हंजी न्हाई.”

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. पण ओखुई खरंच तशी होती. उंच, शिडशिडीत, अबोल. एकदा बघितलं की हातात आलं. लग्न ठरलेलं असताना तापानं गेली. तिची तिरडी उचलली तेव्हा आईनं डोळ्याला पदर लावला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन मागावर बसली. गाव अजून तिला ओखुईची आईच म्हणतं, आणि तिला दुसरं काही म्हटलेलं चालतही नाही. यंदा मात्र तिची कंबर गेली. पट्टा बांधला की कळ मस्तकात जाते. मग राहिली कोण? पिलसून.

पिलसून बुटकी, गोल तोंडाची, बडबडी. पण पोर मठ्ठ नव्हती हो! हिवाळ्यात आम्ही बायका एकीच्या घरी जमून दातांनी साल चिरतो आणि एका धाग्याच्या डोक्याला दुसऱ्याचं शेपूट मांडीवर वळून जोडतो. तिथं मी तिची बोटं माझ्या बोटांत धरली, तर “डोक्यावर शेपूट, शेपटीला थुंकी, मांडीवर लोळण,” असं मोठ्यानं म्हणत ती एका दुपारात जोडायला शिकली. तिला हातानं कळायचं आणि तोंडानं पक्कं व्हायचं. हे सासूला सांगावं, तर ती म्हणायची, “माझी आई मला अशीच शिकवायची, मी ओखुईला अशीच शिकवली. शिकायचं आणिक कसं असतंय?”

पुन्हा टक्‌ झालं. आणखी एक धागा गेला.

“ऐक,” म्हातारी बसल्या आवाजात म्हणाली. “साऱ्या गल्लीनं हिवाळाभर दात झिजवून हा ताणा केलाय. ह्यो वाया गेला तर माग चुलीत घालीन, आन् तू म्हायेरला जा.”

 पिलसून मागं सरकली, पट्टा ताणला, पाय ओढला. तेव्हा माझं लक्ष तिच्या पायाकडं गेलं. पाय ओढून ओढून पोटरीला गोळा आला होता, तरी दोरी लोंबतच होती.

“आगं बाई,” मी म्हणाले, “दोरी लांब हाय! हिच्या पायाला आखूड कर की.”



“त्या गाठीला हात लावायचा न्हाई,” ओखुईची आई म्हणाली. “ओखुईनं बांधलीया ती. आपल्या हातानं. मी बी तशीच वापरली.”

“मला ठाव हाय,” पिलसून खाली बघत म्हणाली. “पयल्याच दिशी कळलं मला, दोरी माझ्या मापाची न्हाई.”

“मंग बोलली का न्हाईस?” मी विचारलं.

“आत्याबाई, तुमीच बोलायचं न्हाई म्हणाला हुता.” आणि तिला रडू फुटलं. “आन् कशी सोडायला सांगू? तुमची लेक हाय ती.”

म्हातारीनं सुनेच्या गोळा आलेल्या पोटरीकडं बघितलं. मग कळ सोशीत वाकली. गाठ ओलीनं फुगून दगड झाली होती, बोटांना दाद देईना. तिनं ती दातांत धरली. साल चिरून चिरून झिजलेले ते दात, त्यांनीच तिनं ती गाठ सोडवली.

“पाय पसर,” ती म्हणाली. “सांग, कुठवर घेऊ?”

लग्न होऊन आल्यापासून सासूनं उत्तर ऐकण्यासाठी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न. पिलसून पाय पसरून म्हणाली, “आणिक इवलीशी. हां, बास.”

“बांध तुझ्या हातानं. आन् काय बडबडायचं ती बडबड, पर धागा तोडू नगंस.”

“ओढ पाय, सार धोटा, ठोक फणी,” पिलसून पुटपुटायला लागली. धागे नीट उचलले गेले आणि धोटा पार गेला. ओखुईचा माग नदीसारखा एका लयीत चालायचा. हा थांबत होता, धडपडत होता, बोलत होता. ऐकणाऱ्याला कळावं की आत दुसरंच कुणीतरी बसलंय.

ओखुईची आई बाहेर आली. वारं आत जाऊ नये म्हणून तिनं दार नीट ओढून घेतलं. उन्हात दोन पावलं चालली आणि तिथंच मटकन बसली. तिरडीपुढं जे रडू आलं नव्हतं ते आता आलं, गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जावं असं. मी तिला कवळ घातली.

आतला आवाज थांबला. “आत्याबाई?”

“उठू नगंस!” रडता रडता म्हातारी ओरडली. “दार उघडू नगंस, ताणा वाळंल! विण तू!”

आतून पुन्हा ठोकल्याचा आवाज आला. आणि ही माझ्या छातीवर डोकं घासत म्हणत राहिली, “लांब पायाची हुती गं माझी पोर, लई लांब पायाची हुती.”