ढिगातला नऊ

गुरुपादय्या बीदरजवळच्या कमठाण्याला आले की आधी देवळात जात आणि मग शिवप्रसादच्या घरी. त्या दिवशी ते सरळ घरी आले, आणि चपला काढता काढता आत कोण कोण आहे ते त्यांनी पाहून घेतलं. हे काही अभिनंदनाला आलेले नाहीत, हे विजयश्रीला तेवढ्यावरनंच कळलं.

गुरुपादय्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष. विजयश्रीचा नवरा शिवप्रसाद त्याच पक्षाचा, सीमेवरच्या एका मतदारसंघातला आमदार. ती स्वतः बीदरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची मोजणी आदल्या दिवशीच दिल्लीत झाली होती. देशाचा निकाल सगळ्यांना वाटला होता तसाच लागला, पक्षाचा उमेदवार निवडून आला. पण कर्नाटकातून पक्षाच्या उमेदवाराला जेवढे आमदार मिळायला हवे होते, त्यात एक कमी भरला. कर्नाटकातल्या एका आमदाराचं मत एकशे एकतीस मतांच्या मोलाचं धरतात. तेवढ्यानं दिल्लीत काही अडलं नव्हतं. बेंगळुरात मात्र अडलं होतं, कारण आपल्यातला कुणीतरी फुटला होता.

आणि तो कोण, हे कळण्याची तजवीज पक्षानं आधीच करून ठेवली होती.

हे मतदान गुप्त असतं. गुलाबी मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे एक हा आकडा, म्हणजे पहिली पसंती, लिहायचा. अक्षरात लिहिलेलं चालत नाही, पण आकडा देशातल्या कुठल्याही भाषेतला चालतो. मतदानाच्या आधी गुरुपादय्यांनी याच ओसरीवर बसून सांगितलं होतं, की बहुतेक जण इंग्रजी उभी रेघ मारतील. पण ज्यांच्याबद्दल वरच्यांना धाकधूक आहे, त्यांना एकेक वेगळी खूण नेमून दिली आहे. एकानं कानडी एक लिहायचा, एकानं तमिळ. शिवप्रसाद उदगीरला मराठी शाळेत शिकलेला, तर त्यानं मराठी एक लिहावा. पक्षात तसा लिहिणारा दुसरा कुणी नाही, म्हणजे मोजणीला बसलेल्या आपल्या माणसाला तो लगेच ओळखू येईल.

शिवप्रसाद तेव्हा हसला होता. मराठीला कर्नाटकात कायतरी काम लागलं म्हणा की अय्या, असंही गुरुपादय्यांना म्हणाला होता; सगळे त्यांना अय्याच म्हणत. पण ते गेल्यावर त्यानं ताट अर्ध्यावर सारलं.

त्यानंतर विजयश्रीच्या नजरेला एक गोष्ट आली. शिवप्रसाद वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर उभ्या रेघा ओढत बसायचा. एकाखाली एक, सरळ, कुठेही न वळलेल्या. हा माणूस फोन नंबरसुद्धा मराठी आकड्यांत लिहिणारा; दुकानदार वैतागून परत विचारायचे. तिनं विचारलं, तेव्हा पेन चालतंय का बघायलो, म्हणाला. पेन नवं होतं. तो मतदानाला बेंगळुराला गेला आणि ती ओसरी झाडायला लागली, तेव्हा रेघांचा तो कागद तिनं चुलीत घातला. का घातला, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

आता गुरुपादय्या खुर्चीत टेकले आणि सावकाश सांगू लागले. कर्नाटकाचा ढीग मोजला तेव्हा आपला माणूस टेबलाला खेटून बसला होता. कानडी एक दिसला, तमिळ दिसला, दोन्ही आपल्याच उमेदवाराला.

"मराठी एक कुठंच न्हाई, अण्णा."

"मी लिवलोय," शिवप्रसाद म्हणाला.

"मग गेला कुठं त्यो? पेटी दिल्लीला नेताना विमानातनं पडला?"

विधानसभेचं तिकीटवाटप आता जवळ आलं होतं, आणि शिवप्रसादचं नाव वर पाठवायचं की नाही हे गुरुपादय्यांच्या हातात होतं. तेवढंच नव्हतं. वर काही जण म्हणायला लागले होते, की सीमेवर मराठी माणूस द्यायचाच कशाला. त्याचं एक तोंड बेंगळुराकडं, एक मुंबईकडं. हे सांगताना गुरुपादय्यांना खरोखर वाईट वाटत असावं. ते मान खाली घालून बोलत होते.

विजयश्रीनं नवऱ्याला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. तिला रेघा आठवत होत्या. तिनं सरळ विचारलं, "मराठी एक लिवलाव का न्हाई?"

"तुझ्या गळ्याची शपथ. मराठी एकच लिवलो."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो खोटं बोलताना कानाची पाळी चोळायचा. आता हात खाली होता. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरताच डोकं चालू लागलं. आकडा लिहिला असेल तर तो त्या ढिगात असणारच. तिथं असून दिसला नसेल, तर बघणाऱ्याचं काहीतरी चुकलं असणार.

ती बाहेर आली आणि टेबलाला बसलेला माणूस कुठला, असं तिनं विचारलं. म्हैसूरकडचा, कानडी आणि इंग्रजी जाणणारा, हिंदी-मराठीचा गंध नाही, असं गुरुपादय्या म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवून हसू आलं. तो सांगत होता, म्हणाले, की कुण्या शहाण्यानं नावापुढं नऊ लिहिला. उमेदवार दोन, आणि पसंती नववी! आणि दिल्लीवाल्यांनी तेही मत मोजलं.

विजयश्री हसली नाही. तिनं खिडकीतली पेन्सिल घेतली, कागदाच्या तुकड्यावर आकडा काढला आणि तो त्यांच्यासमोर धरला.

"अय्या, हे काय हाय?"

"एक. उदगीरच्या बाजारात बघतो की नेहमी."

"उदगीरचा बाजार ज्यानं बघितला न्हाई, त्याला काय दिसल?"

गुरुपादय्यांनी कागद लांब धरला, जवळ आणला. "हात् तिच्या," ते पुटपुटले. "इंग्रजी नऊ."

"आता झालं ना," शिवप्रसाद मधेच म्हणाला. "सापडला म्हणजे सापडला. विजू, अय्याला च्या ठेव."

"आधी फोन होऊ द्या," ती म्हणाली. "त्यो नऊ कुणाच्या ढिगात होता, तेवढं विचारा. म्हणजे वरच्यांची तोंडं बंद व्हतील."

"काही गरज न्हाई," शिवप्रसाद म्हणाला. पण गुरुपादय्या उठले होते. मोबाईलला रेंज फक्त गच्चीवर यायची. ते गुडघ्यावर हात ठेवत जिना चढले.

खाली दोघंच राहिली. आता तरी तो हसेल, शाबास म्हणेल, असं तिला वाटलं. तो उंबऱ्याकडं बघत बसला होता. त्याची शपथ तिनं मनात पुन्हा एकदा नीट ऐकली. शपथेत आकडा होता. उमेदवाराचं नाव नव्हतं.

वरनं कानडीतलं मोठ्यानं बोलणं ऐकू आलं, मग बारीक आवाजातलं, मग काहीच नाही. गुरुपादय्या एकेक पायरी उतरत आले. शिवप्रसादकडं त्यांनी पाहिलंच नाही.

"समोरच्याच्या ढिगात, अक्का. म्हणूनच आमच्या माणसानं सोडून दिलं. त्याला वाटलं, येडं त्यांच्यातलं हाय." चपला पायात सरकवून ते थांबले. "तुम्ही नसताव तर सापडलं नसतं."

टोमणा नव्हता तो. त्यामुळेच जास्त लागला.

ते बाहेर पडले. मग शिवप्रसाद म्हणाला, की उभी रेघच मारायची होती. पण पेन कागदाला लागलं आणि हात आपोआप वळला. दुसरी मतपत्रिका मागायची हिंमत झाली नाही. बाहेर सगळे उभे होते.

"पण कामून, कशापायी?" तिनं विचारलं.

"मत द्यायच्या आधीच चोर ठरवलेते मला. मराठी म्हणून खूण लावलेते, बैलाला डाग देतेत तशी." त्याचा आवाज चढला आणि लगेच पडला. "मग म्हणलो, व्हतो चोर."

"आन् माझ्या गळ्याची शपथ घेतलाव."

"तू आकड्याचं विचारलीस. कुणाला दिलाव, हे विचारलीस का?"

तिनं विचारलं नव्हतं. बाहेर गुरुपादय्यांची जीप सुरू झाली आणि बीदरच्या रस्त्याला लागली. उद्या ती हायस्कुलात पोचायच्या आधी ही बातमी तिथं पोचलेली असणार होती. स्टाफरूममध्ये कुणी तिला तोंडावर काही बोलणार नव्हतं. फक्त ती आत शिरली की कानडीतलं बोलणं थांबणार होतं. तिथं ती एकटीच मराठी होती.

"च्या ठेवू का?" शिवप्रसादनं विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"आज कामून?" ती म्हणाली, आणि त्याच्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.