काळा पोशाख

झुराकान गेली अकरा वर्षं राजधानीत, फ्रुंझेत, बसून डोंगरापलीकडच्या नारीनच्या नाटकघरासाठी कपड्यांची आणि पडद्यांची चित्रं काढत होती, आणि त्या अकरा वर्षांत एकदाही नारीनला गेली नव्हती. कारण एकच, दोलोनचा घाट. पहिल्या चार वळणांतच तिला गाडी लागायची. म्हणून ती चित्रं पाठवायची, कापडाचे नमुने टाचणीने लावून द्यायची, आणि तिकडे नाटकघराची म्हातारी शिंपीण सोनूनबूबू ते शिवायची. मधलं सगळं काम पत्रांतून चालायचं.

आणि पत्रं तरी कशी! कामाची पत्रं म्हणजे माप, अस्तर, गुंड्या, दुसरं काय असणार? पण सोनूनबूबूच्या पत्रांची झुराकान वाट बघायची. 'पोरी, तुझ्या खानाच्या बाह्या इतक्या लांब आहेत की त्याला रात्री अंथरूण घालायची गरज नाही.' 'नवरीची टोपी मिळाली. ती घालून नवरी दारातून आत कशी येणार तेवढं कळव, नाहीतर लग्न अंगणातच लावू.' कार्यशाळेत झुराकान ही पत्रं मोठ्याने वाचून दाखवायची आणि रंगारी पोट धरून हसायचे. अनाथाश्रमात वाढलेली बाई ती. 'पोरी' म्हणणारं तिला जगात दुसरं कोणी नव्हतं.

गेल्या पानगळीपासून मात्र पत्रांचा नूरच पालटला. अक्षर मोठं, वाकडंतिकडं, आणि मजकूर दोन ओळींचा. 'कापड मिळालं. गुंड्या कमी.' झुराकानला वाटलं, म्हातारी रुसली. का रुसली ते काही कळेना. विचारायचंही राहून गेलं, कारण नेमकं त्याच वेळी नवं नाटक डोक्यावर बसलं होतं.

नाटकात एक प्रवेश होता. नवरा जाऊन सहा महिने झालेली बाई एकटीच तंबूबाहेर उभी आहे. झुराकानने मागचा पडदा गडद निळा केला आणि तिला नखशिखांत पांढरं दिलं. चित्र बघून नाटकाला मंजुरी देणाऱ्या समितीची माणसं माना डोलवायला लागली. इतक्या वर्षांत तिच्या कामाला अशी दाद कधी मिळाली नव्हती.

नारीनहून उत्तर आलं: 'पांढरं चालणार नाही. वर्ष झालं नाही. काळं हवं.'

झुराकानने समजावलं. निळ्यावर काळं दिसणार नाही, रंगमंचाला उजेड लागतो, प्रेक्षक काही महिने मोजत बसत नाहीत. पुन्हा उत्तर: 'इथले मोजतात. वर्ष सरलं की चार बायका मिळून पांढरं चढवतात. त्याआधी नाही.' तिसऱ्या खेपेला चित्रच परत आलं, वर लिहिलेलं, 'नाही.'

मग झुराकानचं डोकं फिरलं. एप्रिलचा दुसरा आठवडा, मे महिन्यात पहिला प्रयोग, आणि एक शिंपीण म्हणते नाही! तिने तिथल्या तिथे कागद ओढला आणि मनात येईल ते लिहिलं. पाकीट चिकटवलं आणि जेवायच्या सुट्टीत स्वतः जाऊन पेटीत टाकलं. परत आली तेव्हा अंगातून ओझं उतरल्यासारखं वाटत होतं.

दुपारी नारीनहून दिग्दर्शक मुकामबेतचा फोन आला. पडद्याच्या मापाबद्दल बोलता बोलता तो सोनूनबूबूबद्दल, मोठ्या बहिणीला लावतात तसं 'एजे' लावून, म्हणाला, "सोनूनएजेला जरा सांभाळून घे बाई. नवरा गेल्यापासून ती स्वतःच काळ्यात आहे. तरी काम एक दिवस चुकवलं नाही तिनं."

"कोण गेलं? कधी?"

"असानाकून. तिचा नवरा. सप्टेंबरात. तुला माहीत नाही?"

झुराकानने फोन ठेवला आणि डोकं धरून बसली. स्वतःच्याच पत्रातलं एक एक वाक्य तिला आठवायला लागलं, आणि प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा वाईट होतं. ते पत्र सोनूनबूबूच्या हातात पडलं तर सगळं संपलं. पुन्हा तिच्याकडून ओळ येणार नाही, आणि का येत नाही हे विचारायचं तरी कोणत्या तोंडानं?

ती धावत टपालकचेरीत गेली. खिडकीतला माणूस म्हणाला, "पेटीत पडलं ते सरकारचं झालं. उद्या सकाळच्या बसने जाईल."

"मग मीही त्याच बसने जाते," झुराकान म्हणाली.

आणि गेली की! मागे टपालाची पोती, पुढे ही, मांडीवर ओकारीसाठी कागदी पिशवी. दोलोनवर बर्फ होतं. बस रडतखडत चढली, झुराकान दोनदा उतरली, एकदा तर चालकच म्हणाला, "एजे, तुम्ही चालतच गेलात तर बरं नाही का?" नारीनला पोचली तेव्हा तिचा चेहरा फटफटीत झाला होता. तशीच ती टपालकचेरीत गेली आणि पोतं उघडताना बाजूला उभी राहिली.

"ते माझं पत्र आहे. मीच लिहिलंय. द्या मला."

"लिहिलं तुम्ही, पण नाव सोनूनबूबूचं आहे," टपालवाली ठणकावून म्हणाली. चांगली धिप्पाड बाई होती. पत्र थैलीत टाकून निघाली, आणि झुराकान तिच्या मागोमाग. सबंध रस्ताभर तिने विनवण्या केल्या. टपालवाली नुसती हसत होती. "इतकं काय लिहिलंत हो त्यात? शिव्या?"

"त्याहून वाईट," झुराकान म्हणाली.

नदीकाठच्या एका ठेंगण्या घरापाशी दोघी एकदमच पोचल्या. जिने दार उघडलं ती बाई डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात होती. तोंडावर मात्र राग नव्हता की रुसवा, नुसता थकवा. टपालवालीने पत्र दिलं आणि ही कोण तेही सांगून टाकलं.

"झुराकान? पोरी, तू घाट ओलांडून आलीस?" सोनूनबूबूने तिचा हात धरून आत नेलं. "रंग बघ तुझा! आधी चहा घे."

चहा आला, साय आली, तळलेल्या पिठाचे बोरसोक आले. झुराकानने कशालाही हात लावला नाही. "सोनूनएजे, काळंच शिवा. चुकलं माझं. पडदा मी बदलते, समितीला काय सांगायचं ते सांगेन. फक्त ते पत्र उघडू नका."

सोनूनबूबूने पाकीट उलटसुलट केलं आणि तिच्याच पुढे धरलं. "तूच वाच. मला वाचायला फार वेळ लागतो. सुई हातात आली तेव्हा शाळा सुटली. तुझी सगळी पत्रं घरधनीच वाचायचे मला. उत्तरंही तेच लिहायचे. मी शिवता शिवता म्हणायची, बाही लांब झाली म्हणून कळवा. बाकीचं सगळं तिखटमीठ त्यांचं. लिहून झालं की मला वाचून दाखवायचे आणि स्वतःच आधी हसायचे."

झुराकानच्या डोळ्यांपुढे ती जुनी पत्रं आली. म्हणजे ती नवरीची टोपी, ते अंथरूण, ती 'पोरी' हाक, सगळं असानाकूनचं...

"वाच," सोनूनबूबू म्हणाली. "पत्र आलं की वाचायचंच, असा नेम होता त्यांचा."

झुराकानने वाचलं. एक शब्द गाळला नाही. "नवरा मेलेली बाई काय घालते, हे मी आता शिंपिणीकडून शिकायचं का? तुम्ही शिवा. विचार करायला मी आहे." पुढचंही वाचलं. शेवटी आवाज इतका बसला की सोनूनबूबूला पुढे वाकावं लागलं.

सोनूनबूबूने पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग सोनूनबूबूने विचारलं, "यावर त्यांनी काय लिहिलं असतं गं? तुला जमेल. मला नाही सुचत."

"नको, एजे."

"सांग की. सात महिने त्यांचं एक वाक्य या घरात ऐकलं नाही."

झुराकानने डोळे मिटले. "त्यांनी लिहिलं असतं... 'पोरी, एवढी घाई कशाला? आधी मला मरू तर दे, मग ये आणि माझी बायको काय घालते ते डोळ्यांनी बघून जा.'"

सोनूनबूबू हसली. डोक्यावरच्या काळ्या रुमालाने तोंड दाबून, खांदे हलवत हसली. आणि झुराकानला रडू फुटलं. ते साधंसुधं नव्हतं. तिला ना आईचं तोंड आठवत होतं, ना बापाचं. आयुष्यात कोणासाठी असं रडायची वेळच तिच्यावर आली नव्हती. ती जमिनीवर कपाळ टेकून गळा काढून रडली.

भिंतीपलीकडची शेजारीण हात पुसत धावत आली. "अगं बाई, कोण रडतंय? तुझ्या माहेरचं कोणी आलंय का?"

"नाही, त्यांच्याकडची आहे," सोनूनबूबू झुराकानच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "हिला कळवायचं राहूनच गेलं होतं."